खालच्या मजल्यावरचा रिसिव्हर

जळगावच्या त्या खोलीत मी दोन वर्षं आणि एक महिना राहिलो. त्यातले पहिले सात महिने मी एका तळहाताएवढ्या यंत्रासाठी ब्राउझर करण्याच्या कामात होतो. उरलेले अठरा महिने मी एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवलं. लिहिण्यासारखं जे काही आहे ते पहिल्या सात महिन्यांतलं आहे. उरलेले अठरा महिने त्याचा परिणाम म्हणून आले.

सत्त्याण्णव सालचा नोव्हेंबर होता. आज खिशातल्या फोनवर जे सहज दिसतं ते तेव्हा कोणी पाहिलेलं नव्हतं, म्हणून यंत्राचं वर्णन करतो. ते शर्टाच्या खिशात मावायचं. पडदा एकशेसाठ ठिपके रुंद आणि तेवढाच उंच. रंग नव्हते. पांढरा, काळा आणि मधले दोन करडे, असे चारच. लिहायला काडीसारखा पेन. आत दोन बारीक सेल. खालच्या बाजूला मोडेम अडकवायचा, त्याचे सेल वेगळे, आणि मोडेमला फोनची वायर जोडायची. इंटरनेटवरची पानं तेव्हा टेबलावरच्या कॉम्प्युटरसाठी केलेली असत, सहाशेचाळीस ठिपके रुंद. चौपट रुंदीचं पान त्या चिमुकल्या पडद्यावर वाचता येईल असं कसं दाखवायचं, हे सगळं काम होतं.

काम पुण्यातल्या एका छोट्या कंपनीचं होतं. एका फ्लॅटमध्ये सहा जण बसत. यंत्र बनवणारे परदेशातले होते, त्यांना ब्राउझर करून द्यायचा होता. पुण्याच्या फ्लॅटमध्ये एक कॉम्प्युटर इंटरनेटवरून पान आणायचा, त्यातली चित्रं लहान करायचा, रुंद तक्ते दुमडायचा आणि उरलेलं पान बारीक तुकडे करून फोनवरून यंत्राकडे पाठवायचा. माझ्याकडे एकच भाग होता. लाइन मधेच तुटली तर आलेले तुकडे जपून ठेवायचे, आणि लाइन पुन्हा लागली की पान पहिल्यापासून न मागवता जिथे तुटलं तिथून पुढे मागवायचं.

हा भाग माझ्याकडे आला तो माझ्या हुशारीमुळे नाही. पुण्यात त्यांच्या इमारतीतली लाइन चांगली होती. खराब लाइनवर काय होतं हे बघायला त्यांना खराब लाइनवर बसणारा माणूस हवा होता. मी मुलाखतीत सांगितलं की आमच्याकडे, जळगावला, फोन दिवसातून किती वेळा तुटतो ते मी मोजून देऊ शकेन. आमचे प्रकल्पप्रमुख हसले आणि म्हणाले, "तुम्ही मोजालच, जळगावकर. तोंडावरून दिसतंय." खरं तर मी धुळ्याचा, पण सात महिने त्यांच्यासाठी मी जळगावकरच राहिलो.

धुळ्याला आमचं घर होतं. बायको तिथल्या शाळेत गणित शिकवायची, मुलगी पहिलीत होती. पण घरी फोन नव्हता. अर्ज करून साडेतीन वर्षं झाली होती आणि नंबर लागत नव्हता. फोन असलेली भाड्याची खोली ओळखीतून मिळाली ती जळगावला. म्हणून मी सोमवारी पहाटेच्या एसटीने पारोळा, एरंडोल करत जळगावला यायचो आणि शनिवारी संध्याकाळी परत जायचो.

हे किती दिवस चालणार ते ठरलेलं होतं. माझा भाग परदेशातल्या लोकांना पसंत पडला आणि ब्राउझरमध्ये राहिला, तर जूनपासून मला पुण्यात कायमची जागा मिळणार होती. बायको बिनपगारी रजा घेणार होती आणि मुलीला दुसरीत पुण्याच्या शाळेत घालायचं होतं. लग्नाला आठ वर्षं झाली होती. वेगवेगळ्या नोकऱ्यांच्या पायी त्यातली जेमतेम तीन आम्ही एका घरात काढली होती. हा हिशेब बायकोने केलेला, माझा नव्हे. मी तो तपासून पाहिला, बरोबर होता.

खोली वरच्या मजल्यावर होती. खाली घरमालकीण एकट्या राहायच्या. सगळी गल्ली त्यांना अक्का म्हणायची, मीही म्हणू लागलो. वय सत्तरीच्या आसपास. नवरा वारलेला, एकुलता एक मुलगा सुरतेला कापडाच्या कारखान्यात कामाला. फोन त्यांचा, खालच्या खोलीत कोनाड्यात ठेवलेला. त्याचीच एक वायर भिंतीवरून वर घेऊन दुसऱ्या रिसिव्हरसह मला दिली होती. आमचं तोंडी ठरलं: सोमवार ते शनिवार सकाळी अकरापासून दुपारी चारपर्यंत लाइन माझी, बाकी वेळ त्यांची. फोनचं बिल मी भरायचं.

"चार वाजाना पहिले मी हात लावाव नही," अक्का म्हणाल्या होत्या. माणसाने शब्द द्यावा तसं त्या बोलल्या, आणि मीही तो तसाच घेतला.

रोज अकराला मी पुण्याचा नंबर लावायचो. मोडेम कर्कश आवाज काढायचा, मग शांत व्हायचा, मग पडद्याच्या कोपऱ्यात एक लहान चौकोन काळा व्हायचा, म्हणजे लाइन लागली. मग ठरलेली बारा पानं एकामागून एक मागवायची. त्यातलं एक मी स्वतः केलं होतं: जळगाव–धुळे एसटीचं वेळापत्रक, सात रकान्यांचं, इंग्रजी अक्षरांत, कारण यंत्राला मराठी अक्षरं येत नव्हती. सात रकाने एकशेसाठ ठिपक्यांत बसत नाहीत. प्रत्येक गाडीचे सात तपशील एकाखाली एक घ्यावे लागायचे, आणि एका बाजूला कोणती गाडी कुठे संपली ते कळायला बारीक रेघ. ते वेळापत्रक मी इतक्या वेळा वाचलं की अजूनही त्यातल्या निम्म्या गाड्या पाठ आहेत, आणि त्या गाड्या आता धावत नाहीत.

लाइन तुटली की मी वहीत वेळ लिहायचो, मिनिटासकट. कितव्या पानाच्या कितव्या तुकड्यावर तुटली तेही. पहिल्या महिन्याची सरासरी निघाली दिवसाला बावीस. पुण्यात आकडा ऐकून सगळे थक्क झाले. सव्वाचारला मी रोजचा अहवाल फोनवर द्यायचो, तेव्हा प्रमुख म्हणायचे, "जळगावकर, तुमच्या एक्सचेंजमध्ये उंदीर आहेत की काय? बावीस म्हणजे कमाल आहे. लिहून ठेवा, हेच आपलं भांडवल."

तेच भांडवल होतं. त्यांनी परदेशी पाठवलेल्या पहिल्या अहवालात माझा आकडा ठळक अक्षरांत होता. भारतासारख्या ठिकाणी लाइन पाच तासांत बावीस वेळा तुटते, म्हणून हा भाग ब्राउझरमध्ये हवाच, असा त्यांचा मुद्दा.

मी एक्सचेंजकडे तक्रारही दिली होती. लाइनमन आला, खांबावर चढला, खाली उतरून खालच्या फोनवर बोलून पाहिलं, वर येऊन माझं यंत्र निरखून पाहिलं.

"साहेब, लाइन ठणठणीत शे," तो म्हणाला. "तुमचं हे खेळणंच आजारी असेल."

"पुण्यात चालतं ते."

"मग पुण्यात ठेवा ना," तो म्हणाला आणि अक्कांच्या हातचा चहा घेऊन गेला. मी वहीत लिहिलं: लाइनमनच्या मते दोष नाही. त्यापुढे कंसात लिहिलं: विश्वास ठेवण्याजोगं नाही. ते तीन शब्द नंतर खोडावेत असं खूपदा वाटलं, पण वहीत खाडाखोड करायची नाही हा माझा नियम आहे.

दिवस सगळे सारखेच होते. माझ्याशी कोणी बोलायचं ते सव्वाचारला पुण्याहून, तेही आकड्यांबद्दल. बाकी वेळ मी मोडेमचे आवाज ऐकायचो. कधी कधी जिन्याच्या पायरीवर झाकलेली ताटली असायची, कळण्याची भाकरी आणि ठेचा. ताटली मी धुऊन त्याच पायरीवर ठेवायचो. अक्का आणि मी एका घरात राहून दिवसाला फार तर चार वाक्यं बोलत असू.

"जेवना का?"

"जेवलो अक्का."

"बरं."

ही तीनच झाली. चौथं कधी असायचं, कधी नसायचं.

बायको सुरुवातीला शाळेच्या मधल्या सुट्टीत समोरच्या एसटीडी बूथवरून फोन करायची, एखादा लागायचा. डिसेंबरनंतर तिचे फोन बंद झाले. मला वाटलं, तिला आता गरज वाटत नसेल, शनिवारी मी जातोच आहे. मी विचारलं नाही.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी धुळ्याला मी मुलीला यंत्र दाखवत होतो. ब्राउझरची एक सोय होती, एकदा आलेलं पान जपून ठेवून लाइन नसतानाही वाचता यायचं. मी तिच्यासाठी ठिपक्याठिपक्यांनी एक पतंग काढून ठेवला होता. तिने तो पाहिला, पेनने त्याला टोचलं आणि विचारलं, "पप्पा, याच्यात पुणं दिसतं का?"

"नाही. पुण्याहून येतं, पण पुणं दिसत नाही."

"मग काय उपयोग?" ती म्हणाली आणि खेळायला गेली.

बायको तोवर माझी वही चाळत होती. शाळेतल्या वह्या तपासायची तिची सवय. बोट वरून खाली फिरवत ती म्हणाली, "अहो, तुमचं एक्सचेंज जेवायला जातं का?"

"म्हणजे?"

"रोज पाऊण ते पावणेदोन बघा. नऊ वेळा. आठ. दहा. नऊ. बाकीच्या चार तासांत मिळून तेरा आणि या एका तासात नऊ. मशीन असं वेळेवर बिघडतं का? वेळेवर माणसं वागतात." मग वही मिटून ठेवत म्हणाली, "मी करायची तोही हाच वेळ होता. कायम एंगेज. पुण्याशी तुमचं बरं लागतं, धुळ्याशी लागत नाही."

तिने हे चेष्टेत म्हटलं. पण तिचे फोन का बंद झाले ते मला तेव्हा कळलं, दोन महिन्यांनी. मी सरासरी काढत बसलो होतो, एकेका तासाचा वेगळा हिशेब केला नव्हता. असली चूक मी दुसऱ्या कोणाला माफ केली नसती.

सोमवारी एक वाजता मी लाइन लावून ठेवली, पान मागवलं आणि अनवाणी जिना उतरलो. खालचं दार अर्धं उघडं होतं. अक्का कोनाड्यापाशी उभ्या होत्या. त्यांनी पदराने हात पुसला, रिसिव्हर उचलून कानाला लावला, दहा-बारा सेकंद ऐकलं आणि आवाज होणार नाही अशा बेताने खाली ठेवला. मग पाटावर बसल्या. मी घड्याळ पाहत उभा राहिलो. सहा मिनिटांनी त्या पुन्हा उठल्या.

"अक्का," मी म्हणालो.

त्या दचकल्या नाहीत. रिसिव्हर हातातच होता. "हाऊ फोन जित्ता शे का देखस," त्या म्हणाल्या. "मरी जास तो अधूनमधून. मांगला पावसाळाम्हा वीस दिन मरेल व्हता."

"काय ऐकू येतं?"

"पूर ऊना मायक आवाज येस. सऽऽ करी. मंग समजस, तू वर शे. काम चाली राहिनं."

मोडेमचा आवाज त्यांना नदीच्या पुरासारखा ऐकू यायचा. पण त्यांनी रिसिव्हर उचलला की त्या क्षणी तो पूर तुटायचा, हे त्यांना ठाऊक नव्हतं. नुसतं ऐकणं म्हणजे हात लावणं, असं त्या धरत नव्हत्या. मला वर काळा चौकोन पांढरा झालेला दिसायचा आणि मी वहीत एक आकडा लिहायचो.

"पण एक वाजताच का अक्का?"

त्यांनी रिसिव्हर खाली ठेवला. मग सांगितलं. मुलगा कारखान्याच्या ऑफिसातून फोन करायचा. जेवणाच्या सुट्टीत, एकच्या सुमाराला, आठ-पंधरा दिवसांतून एकदा. मालक तेवढा करू द्यायचा. रविवारी ऑफिस बंद. मी आल्यापासून त्याचा एकही फोन आला नव्हता.

"मग तुम्ही मला सांगितलं का नाही?"

"तुले शब्द दिन्हा व्हता ना. चार वाजालोंग तुन्ही लाइन." आणि मग, मलाच समजावत असल्यासारखं, "काम व्हई त्याले. काम राहस मानूसले."

मी वर आलो. काळा चौकोन पांढरा झाला होता. मी वेळ लिहिली, एक वाजून एकोणीस मिनिटं, आणि पेन खाली ठेवलं. मी साडेतीन महिने त्यांचा हात माझ्या लाइनचा दोष म्हणून मोजला होता. त्यांच्या लाइनवर मी रोज पाच तास बसलो होतो, ते कुठेच मोजलं नव्हतं. सुरतेचा माणूस जेवणाच्या सुट्टीत नंबर फिरवतो, एंगेज येतं, परत फिरवतो, एंगेज येतं, मग कामावर जातो. असं किती वेळा झालं असेल, ते वहीत नव्हतं आणि आता कळणारही नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून पाऊण ते पावणेदोन मी लाइन सोडली आणि तो तास संध्याकाळी वाढवून घेतला. त्या तासात फोन अक्कांनी उचलायचा. माझा असला तर त्यांनी जिन्याच्या लोखंडी कठड्यावर चमचा वाजवायचा, असं ठरलं. मी बायकोला पत्र टाकलं: बुधवारी मधल्या सुट्टीत करून बघ.

बुधवारी चमचा वाजला. मी वरचा रिसिव्हर उचलला.

"लागला की," बायको म्हणाली.

"हो."

"काय करत होता?"

"वाट बघत होतो."

ती म्हणाली, "इथे मागे रांग आहे हो. ठेवते. लागतो एवढं बघायचं होतं."

मुलाचा फोन मात्र येत नव्हता. पाऊण वाजला की खालचं घर शांत व्हायचं, भांड्यांचाही आवाज नसायचा. मी वर जेवायचो तेही आवाज न करता. असे नऊ दिवस गेले. दहाव्या दिवशी एक वाजून आठ मिनिटांनी घंटा वाजली आणि दोनदा वाजून थांबली. मी हातातला घास ताटात ठेवून चमच्याची वाट पाहिली. चमचा वाजला नाही. म्हणजे फोन माझा नव्हता. खालून अक्कांचा आवाज वर येत होता, शब्द कळत नव्हते. मी त्यांचा एवढा मोठा आवाज आधी ऐकला नव्हता. चार मिनिटं चाललं. मग मी जेवण पुरं केलं.

फोन काय होता ते संध्याकाळी पायरीवर कळलं. मुलाला वाटलं होतं, आईचं फोनचं बिल थकलं किंवा आई कोणाशी तरी सारखी बोलत बसते. त्याने सुरतेत मोठी खोली घेतली होती आणि होळीनंतर तो तिला न्यायला येणार होता. "बठ्ठं ठरी गयं," अक्का म्हणाल्या. सगळं ठरलं म्हणून खूश होत्या की नव्हत्या ते मला ओळखता आलं नाही.

मार्चच्या शेवटी तो आला, एक पेटी आणि एक वळकटी घेऊन आईला सुरत पॅसेंजरने घेऊन गेला. निघताना अक्कांनी खालची किल्ली माझ्याकडे दिली. "फोन उचलत जाजो रे भाऊ," त्या म्हणाल्या. "कोन्ही उचलं नही ते मरी जास."

एप्रिल लागला. जळगावचा एप्रिल सांगायला नको. उन्हाने यंत्राचा पडदा काळवंडायचा, म्हणून मी ते माठाशेजारी ओल्या फडक्यावर बशीत ठेवून काम करायचो. लाइन लावली की लागून राहायची. अक्का असताना, एकचा तास सोडल्यावर, सरासरी बावीसवरून तेरावर आली होती, कारण इतर वेळीही त्या अधूनमधून रिसिव्हर उचलायच्या, मी वर आहे का ते ऐकायला. आता ती आठवर आली. आठ हा आमच्या लाइनचा खरा आकडा. लाइनमन जे म्हणाला ते जवळजवळ खरं होतं.

मी माझा भाग लिहिला होता तो बावीस वेळा तुटणाऱ्या लाइनसाठी. प्रत्येक लहान तुकडा आला की यंत्र थांबायचं, तो जपून ठेवायचं, पुण्याला पोच द्यायचं, मग पुढचा तुकडा. चांगल्या लाइनवर यामुळे पान उशिरा यायचं. मी ते वेगळं मोजलं: वेळापत्रकाचं पान माझ्या भागासह एकोणचाळीस सेकंद, त्याच्याशिवाय सव्वीस.

पुण्यातली बैठक महिनाअखेरीला होती, परदेशातले लोक येणार होते. सव्वापाचच्या फोनवर मी प्रमुखांना तिन्ही आकडे सांगितले, बावीस, तेरा, आठ, आणि कोणता कसा आला ते आणि पानाला लागणारे सेकंदही सांगितले.

त्यांनी तिन्ही आकडे परत म्हणून पाहिले. मग म्हणाले, "म्हणजे आपण एका आजीबाईंसाठी ब्राउझर लिहिला."

"लिहिला तो मी."

"जळगावकर, त्यांना बावीस सांगून झालंय. हा आठ तुम्ही बैठकीनंतर सांगितला असता तरी चाललं असतं. कोण येणार होतं तुमच्या जिन्यात बघायला?"

"पण आता मला माहीत आहे."

"हो, ते दिसतंय." त्यांच्या आवाजात राग नव्हता. "तुमचा भाग अकरा किलोबाइटचा आहे. यंत्रात जागा थोडी, त्या अकरात चित्रं दाखवण्याचा अख्खा भाग बसतो. आठ आणि एकोणचाळीस हे दोन आकडे पाहिले तर ते पहिला हाच काढतील. तरी पाठवू?"

मी मोठा निर्णय घेणाऱ्या माणसासारखा विचार केला असं म्हणणार नाही. पुण्यातल्या शाळेचा फॉर्म तेव्हा माझ्या टेबलावर होता, भरलेला. मला धुळ्याचं घर, बायको, पतंगाला टोचणारी मुलगी, सगळं समोर दिसत होतं. मी म्हणालो, "पाठवा."

त्यांनी पाठवले. बैठकीत माझा भाग काढून टाकायचं ठरलं. प्रमुखांनी दोन ओळींचं चांगलं पत्र दिलं, मोजमापात काटेकोर असं त्यात लिहिलं होतं. मे महिन्याअखेर काम संपलं.

बायकोला मी बुधवारी फोनवर सांगितलं. चमचा वाजवायला आता कोणी नव्हतं, मी रिसिव्हरजवळच बसून होतो.

"आकडा खरा होता ना?" तिने विचारलं.

"खरा होता."

"मग झालं." मागून शाळेचा गलका ऐकू येत होता. "फॉर्म तुमच्याकडेच आहे ना? त्याच्यावर तिचा फोटो चिकटवलाय, तेवढा काढून घ्या. चांगला आलाय."

मग तिकडे घंटा झाली आणि तिने फोन ठेवला.

यंत्र कुरिअरने परत करायचं होतं. पाठवण्याआधी सेल काढावे लागणार होते. सेल काढल्यावर आतलं सगळं एखादं मिनिट टिकतं आणि मग जातं. काम चालू असताना सेल बदलायचे तेव्हा मी मनात आकडे मोजत घाईने बदलायचो. या वेळी सेल काढून टेबलावर ठेवले आणि साठपर्यंत मोजून मग यंत्र खोक्यात घातलं. पतंग आत होता.

धुळ्याला माझ्यासारख्याला काम नव्हतं, जळगावला कॉम्प्युटर क्लास होता. खोली आणि फोन मी ठेवून घेतले. अक्कांनी सुरतेहून कळवलं, राहू दे, घरात माणूस पाहिजे. क्लास बाराला सुटायचा आणि चारला परत भरायचा. पाऊण वाजता मी खोलीवर असायचो.

बायकोचा फोन बुधवारी यायचा. पण कधी बुधवारी आला नाही तर गुरुवारी, शुक्रवारीही येऊ शकायचा, म्हणून मी रोजच बसायचो. बसल्या बसल्या वाटायचं, लाइन चालू आहे ना. मग मी रिसिव्हर उचलून टोन ऐकायचो. टोन असायचा. लगेच खाली ठेवायचो, कारण नेमक्या त्याच दहा सेकंदांत तिने धुळ्याहून नंबर फिरवला असता, तर तिला एंगेज मिळालं असतं.